दुसरी कडी

रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली गाडी दिसली की मराठी पुरुषाला पुढं जाववत नाही. अपघात झाला असेल तर तो थांबेलच असं नाही. तिथं पंचनामा असतो, साक्षीदार म्हणून नाव जातं. पण नुसतं बॉनेट वर असेल तर तो स्कूटर स्टँडला लावतो, दोन्ही हात पाठीमागे बांधतो आणि आत डोकावतो. आत इंजिन असतं. ते असणारच होतं. तरीही खात्री पटल्यावर तो मान हलवतो, मिनिटभर गप्प उभा राहतो आणि मग म्हणतो, "बॅटरी असेल." त्याच्या आधी आलेल्या तिघांनीही बॅटरीच सांगितलेली असते. रेडिएटरमधून वाफेचे लोट निघत असले तरी निदान बदलत नाही.

अँबेसिडरच्या काळात हा विधी बोरघाटात सामुदायिक पद्धतीनं व्हायचा. मे महिन्यात खंडाळ्याच्या चढावर थोड्या थोड्या अंतरानं एकेक बॉनेट वर असायचं. पुढं एक काका रेडिएटरच्या टोपणावर ओला पंचा टाकून उभे, मागं काकू पाण्याचा तांब्या घेऊन, आणि पोरं डिकीतल्या लाडवांच्या डब्यापाशी. "टोपण उघडू नका हो, भाजेल," असं येणारा-जाणारा प्रत्येकजण सांगे आणि ते उघडेपर्यंत तिथून हलत नसे.

बॉनेटचे बाकीचे उपयोगही आपण पुरेपूर केलेले आहेत. जुन्या एसटीत ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनावर जे झाकण असायचं तेही बॉनेटच. जागा मिळाली नाही की त्याच्यावर बसून माणसं पुण्याहून कोल्हापूरला गेलेली आहेत. तिकीट पूर्ण, शेक फुकट. लग्नात झेंडूच्या माळा त्याच्यावर, दसऱ्याला कुंकवाचं स्वस्तिक त्याच्यावर, पावसाळ्यात सोसायटीतली सगळी मांजरं त्याच्यावर. आणि महिन्या-दोन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या शहरात एखादा चालक वाहतूक पोलिसाला बॉनेटवर घेऊन पळतो, ती बातमी आपण चहाबरोबर वाचतो.

इतका सगळा व्यवहार त्या पत्र्याशी करूनही एक प्रश्न कुणाला पडत नाही. गाडी शंभराच्या वेगानं चाललेली असताना हे झाकण जागेवर राहतं ते कुणाच्या भरवशावर? आमच्या साडूंनाही हा प्रश्न कधी पडला नव्हता. एका रविवारी साताऱ्याहून पुण्याला येताना तो त्यांच्या अंगावर येऊन पडला.

आमचे साडू स्वभावानं सावध. घराला कुलूप लावल्यावर ते ओढून बघतात, चार पायऱ्या उतरतात, परत वर जाऊन पुन्हा ओढून बघतात. बँकेत पैसे काउंटरवरही मोजतात आणि बाहेर येऊन बायकोकडूनही मोजून घेतात. असा माणूस बॉनेट मात्र हळूच लावतो, कारण नुकतंच डेंटिंग-पेंटिंग झालेलं आहे आणि जोरात आपटलं तर रंगाला तडा जाईल अशी भीती. त्या दिवशी वाटेत काचेवर मारायचं पाणी भरायला त्यांनी बॉनेट उघडलं, पाणी भरलं, दांडी खाली केली आणि दोन्ही हातांनी बॉनेट अलगद खाली ठेवलं. आवाजसुद्धा होऊ दिला नाही. घात तिथंच झाला.

पाचवड मागं पडलं. समोर लाल दिवा लागलेला होता, पण साडूंच्या गाडीत दोन-तीन लाल दिवे बारमाही लागलेले असतात, त्यामुळं आणखी एकाकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. बॉनेटची कड थोडी थरथरत होती. "रस्ता खराब केलाय यांनी," असं साडू म्हणाले आणि समोर मोकळं दिसल्यावर त्यांनी वेग वाढवला. पुढच्या क्षणी धाडकन आवाज झाला आणि महाराष्ट्र दिसेनासा झाला.

आमच्या सासूबाई मागच्या सीटवर पेंगत होत्या. आवाजानं जाग्या झाल्या, समोर सगळं काळं बघितलं आणि म्हणाल्या, "आला का बोगदा?"

खंबाटकीचा बोगदा अजून बराच पुढं होता. मेव्हणी ओरडली, "अहो, काच!" काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळं पडलेलं. छताला वरून मोठा पोचा. आणि साडू? त्यांनी करायला हवं तेच केलं, हे मान्य केलं पाहिजे. करकचून ब्रेक दाबला नाही, कारण मागून ट्रक येत होता हे त्यांना आठवत होतं. धोक्याचे दिवे लावले. मग स्वतः सीटमध्ये इतके खाली घसरले की मेव्हणीला वाटलं, यांना चक्कर आली. बॉनेट उभं राहिलं तरी बिजागरीजवळ, काचेच्या अगदी पायथ्याशी, बहुतेक गाड्यांत एक चिंचोळी फट उरते. त्या फटीतून दिसणाऱ्या चार बोटं रस्त्यावर नजर ठेवून, अधूनमधून बाजूच्या खिडकीतून डोकं काढून, त्यांनी गाडी हळूहळू डावीकडं घेतली आणि उभी केली. लगेच दोन स्कूटरवाले थांबले. त्यांनी हात पाठीमागे बांधले, मोडलेलं बॉनेट पाहिलं, फुटलेली काच पाहिली आणि त्यातला एकजण म्हणाला, "बॅटरी तर नाही ना?"

पुढचं नाट्य विम्याचं. सर्व्हेअर मुलगा तरुण होता, हातात टॅब, त्यात फॉर्म. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं.

"सर, धडक कशाची झाली?"

"बॉनेटची."

"समोरच्या गाडीच्या?"

"आमच्याच."

"म्हणजे तुमचं बॉनेट कशावर आदळलं?"

"आमच्याच काचेवर. आणि छतावर."

मुलानं टॅब खाली घेतला, गाडीभोवती एक फेरी मारली. "मग समोर कोण होतं, सर?"

"वारा," साडू म्हणाले.

फॉर्ममध्ये वाऱ्यासाठी रकाना नव्हता. वादळासाठी होता, पण त्या दिवशी वादळ नव्हतं. हवामान खात्याच्या दृष्टीनं निरभ्र रविवार. वारा होता तो साडूंनी स्वतः तयार केलेला, ताशी पंच्याऐंशी-नव्वद किलोमीटरचा.

आणि तो काही साधासुधा नसतो. गाडी धावते तेव्हा समोरची हवा जाळीवर आपटून तिथं दाटते आणि फटीफटींतून इंजिनाकडं घुसते. तिचा दाब बॉनेटला खालून वर ढकलतो. त्याच वेळी बॉनेटच्या पुढच्या कडेवरून जी हवा वळसा घालून निघून जाते ती तिथं वेग घेते, आणि वेग घेतलेल्या हवेचा दाब कमी होतो. म्हणजे खालून ढकलणारे आणि वरून ओढणारे, दोघंही एकाच मताचे. कड नीट लागलेली असेल तोपर्यंत या कटाला यश येत नाही. एकदा का ती दोन बोटं वर आली की हवा समोरून थेट आत शिरते, आणि मग जून महिन्यात दादरच्या पुलावर छत्रीचं जे होतं तेच बॉनेटचं होतं. छत्री निदान बिचारी काडीच्या वजनाची असते. बॉनेट पंधरा-वीस किलोचं लोखंड आहे, आणि शंभराच्या वेगाला ते उभं राहिलं की त्याच्यावर वारा साठ-सत्तर किलोचा रेटा देतो. गंमत अशी की वेग निम्मा केला की हा रेटा निम्मा होत नाही, पाव होतो; पन्नासला तो पंधरा-सोळा किलोवर येतो. म्हणूनच अर्धवट लागलेलं बॉनेट घेऊन माणूस सदाशिव पेठेतून आठवडाभर फिरला तरी काही होत नाही. तिथं पन्नासचा वेग गाठायला मिळतो कुठं? तो बाहेरगावी निघतो, टोल भरतो, रस्ता मोकळा मिळतो, आणि भरलेल्या टोलाचा मोबदला म्हणून बॉनेट समोर येऊन उभं राहतं.

गाडी गॅरेजमध्ये गेल्यावर साडूंनी मिस्त्रीसमोर स्टूल टाकलं आणि कडी समजावून घेतली. बॉनेटच्या पोटाला जाड गजाचा एक कोयंडा असतो. रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर एक पंजा असतो. बॉनेट वरून जोरात आलं की कोयंडा पंज्यात शिरतो, पंजा फिरतो, आणि एक खटका त्याला मागं फिरू देत नाही. स्टिअरिंगच्या खाली जो दांडा असतो तो ओढला की केबल खटक्याला मागं खेचते आणि बॉनेट टुप्पकन दोन बोटं वर येतं. दोनच बोटं. त्यापुढं येत नाही, कारण तिथं दुसरी कडी असते. आकड्यासारखी. तिचा केबलशी, दांड्याशी, ड्रायव्हरशी काहीही संबंध नसतो. बाहेर येऊन, फटीत बोट घालून, चाचपडून ती सोडवावी लागते. पहिली कडी सुटली तरी बॉनेट उडू नये एवढ्यासाठी ती तिथं असते.

"मग माझ्या गाडीत ती नव्हती का?"

"होती ना काका. ही काय." मिस्त्रीनं बोटानं दाखवली. ती गंजून, चिखल खाऊन एका बाजूला कललेली होती आणि अनेक वर्षं तशीच झोपलेली होती. तिच्या स्प्रिंगला शेवटचं ग्रीस लागलं ते बहुधा कारखान्यात.

अमेरिकेत या दुसऱ्या कडीसाठी कायदाच आहे. त्यांच्या वाहन सुरक्षेच्या नियमांपैकी 113 क्रमांकाचा नियम 1969 च्या जानेवारीपासून लागू झाला. पुढून उघडणारं जे बॉनेट वर आल्यावर ड्रायव्हरची समोरची नजर अडवू शकतं, त्याला दुसरी कडी नाहीतर कडीचा दुसरा टप्पा असलाच पाहिजे, एवढंच तो सांगतो. नियम दोन-चार ओळींचा, पण लिहिणाऱ्यानं आम्हाला आरपार ओळखलेलं आहे. गाडीतल्या बाकीच्या बहुतेक वस्तू माणूस शहाणा आहे असं धरून केलेल्या असतात. आरसा दिलाय, म्हणजे हा मागं बघेल. इंडिकेटर दिलाय, म्हणजे हा वळण्यापूर्वी लावेल. दुसरी कडी करणाऱ्यानं असं काहीही गृहीत धरलं नाही. हा बॉनेट नीट लावणार नाही, लावलं म्हणून शपथेवर सांगेल, लाल दिव्याकडं बघणार नाही आणि थरथर झाली की रस्त्याला दोष देईल, हे सगळं त्याला साडू गाडी शिकण्याच्या आधीपासून माहीत होतं.

बॉनेट लावायच्या आपल्या पद्धतींचा एकदा अभ्यास व्हायला हवा. साडूंचा अलगद संप्रदाय सांगून झाला. दुसरा तळहातवाल्यांचा: हे बॉनेट खाली ठेवून मग त्याच्या मध्यभागी दोन्ही तळवे रोवून दाबतात. कडी लागते, आणि पत्र्यावर दोन तळव्यांच्या खळग्या कायमच्या राहतात. तिसरे लोक गाडी धुणाऱ्या सेंटरवर भेटतात. ते बॉनेट डोक्याच्या उंचीवरून सोडतात आणि ते खाली पोहोचायच्या आत पुढच्या गाडीकडं वळलेले असतात. बरोबर पद्धत या दोन टोकांच्या मध्ये आहे. वीतभर ते फूटभर उंचीवरून बॉनेट सोडून द्यायचं, त्याच्या वजनानंच ते लागतं, मग कडेला हात घालून वर उचलून बघायचं. गाडीबरोबर जे पुस्तक मिळतं त्यात हे चित्रासकट असतं. पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, पीयूसीच्या जुन्या कागदांखाली असतं.

पण साडूंचा खरा राग कडीवर नव्हताच, बिजागरीवर होता. त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. बिजागरी काचेकडं आणि कडी पुढं, म्हणून वारा बॉनेट उघडतो. तीच बिजागरी पुढं, दिव्यांकडं लावा आणि कडी काचेकडं घ्या. मग कडी सुटली तरी वारा बॉनेट उघडणार नाही, उलट दाबून बसवेल. "एवढं साधं या कंपन्यांना कळू नये?" हे ते कुणालाही थांबवून सांगू लागले. लिफ्टमध्येसुद्धा.

कळलं होतं की. पूर्वी पुष्कळांनी तसंच केलं होतं. बीएमडब्ल्यूच्या 2002 या गाडीचं बॉनेट पुढच्या बिजागरीवर उघडे आणि नव्वदच्या दशकापर्यंत तिच्या थ्री सीरीजचंही. फियाट 124 चं तसंच, आणि तिच्यावरून रशियानं बेतलेल्या लाडाचंही तसंच. स्वीडनच्या साब 900 चं बॉनेट तर आधी जरा पुढं सरकतं आणि मग मान तुकवून पुढं कलतं. 1961 च्या जॅग्वार ई-टाइपचं सगळं नाकच बॉनेट होतं. ते उघडलं की गाडीत खाली राहिलेलं बघून मालकाला आपण किती कमी गाडीचे पैसे दिलेत हे कळत असावं.

आणि लांब कशाला, आपल्याकडं मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड बनत होती. मूळची ब्रिटनची ट्रायम्फ हेराल्ड, मिशेलोत्ती या इटालियन माणसानं आखलेली. तिचे दोन्ही बाजूचे खटके बाहेरूनच ओढायचे आणि बॉनेट, मडगार्ड, दिवे असा सगळा पुढचा भाग एका झटक्यात पुढं आडवा. इंजिन पूर्ण उघडं. मिस्त्री पुढच्या चाकावर बसून काम करू शके, एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात बिडी. वाऱ्यानं तिचं बॉनेट उघडून काचेवर आणलं, असं होणंच शक्य नव्हतं.

मग हे का सोडलं? साडूंनी हा प्रश्न गॅरेजमध्ये टाकला तेव्हा मिस्त्रीनं वर न बघता उत्तर दिलं, "काका, बिजागरी पुढं लावली तर मी उभा राहू कुठं?"

निम्मं उत्तर हेच आहे. बॉनेट पुढं कललं की समोर उभं राहायची जागा जाते, मिस्त्रीला कुशीवरून वाकावं लागतं. भिंतीला नाक लावून पार्क केलेली गाडी असेल तर बॉनेट उघडतच नाही, आधी गाडी मागं घ्या. आणि ती मागं जात नसते, म्हणून तर बॉनेट उघडायचं असतं. कुणाला समोरून हलकी धडक बसली तरी पुढच्या बिजागऱ्या वाकून बसतात आणि आत काय झालंय ते बघायचीही सोय राहत नाही. उरलेलं निम्मं उत्तर मोठ्या धडकेचं. हल्लीच्या बॉनेटच्या आतल्या पत्र्यात मुद्दाम कमजोर रेघा ठेवलेल्या असतात, म्हणजे जोराची टक्कर झाली की ते मधोमध मुडपतं आणि त्याची मागची कड काच फोडून आत बसलेल्यांच्या गळ्यापर्यंत येत नाही. काचेकडच्या भक्कम बिजागऱ्या ते धरून ठेवतात.

साडूंनी हे सगळं शांतपणे ऐकलं. "म्हणजे बिजागरी मिस्त्रीच्या सोयीनं," ते म्हणाले, "आणि काच माझी."

या भांडणात सर्वांत चतुर तोडगा काढला तो ब्युइकनं. चाळीसच्या दशकातल्या ब्युइकचं बॉनेट डावीकडूनही उघडायचं आणि उजवीकडूनही. ज्या बाजूचा खटका ओढाल ती बाजू वर, आणि पलीकडची कडी तेवढ्यापुरती बिजागरी. दोन्ही खटके ओढले तर आख्खं बॉनेट उचलून बाजूला ठेवायचं. आज जी कडी तीच उद्या बिजागरी, हे तंत्र अमेरिकेनं पुढं सोडून दिलं आणि आपल्याकडच्या राजकीय आघाड्यांनी उचललं. त्याच्याही आधी गाड्यांची बॉनेटं मधल्या लांब बिजागरीवर दोन पंखांसारखी कडेनं उघडत. शर्यतीत ती फडफडू नयेत म्हणून वरून चामड्याचा रुंद पट्टा आवळून बांधत. ल मानच्या शर्यती जिंकणाऱ्या विसाच्या दशकातल्या बेंटलींच्या फोटोत तो पट्टा रुबाबात दिसतो. आजही शर्यतीच्या गाड्यांत बॉनेटला सरळ पिना ठोकलेल्या असतात आणि पिन हरवू नये म्हणून ती तारेनं बांधलेली असते. ताशी तीनशेच्या वेगानं जाणारा माणूस तारेवर विश्वास ठेवतो. साताऱ्याहून येणारा ठेवत नाही.

मोटार कंपन्याही या बाबतीत आपल्याहून फार पुढं आहेत असं समजू नये. 2020 साली निसाननं अमेरिकेत सुमारे 18 लाख अल्टिमा परत बोलावल्या. दोष दुसऱ्या कडीचा: रंग सुटून ती गंजायची आणि उघडीच अडकून राहायची. म्हणजे साडूंचीच कहाणी, फक्त 18 लाखांनी गुणलेली. 2021 च्या अखेरीस होंडानं सव्वासात लाखांच्या घरात गाड्या बोलावल्या, कारण बॉनेटच्या थरथरीनं कोयंडाच झिजून तुटण्याची भीती होती. आणि 2024 मध्ये टेस्लाच्या 18 लाखांहून जास्त गाड्यांत असं निघालं की बॉनेट नीट लागलं नसेल तर ते गाडीला कळतच नाही. टेस्लानं हा दोष गाड्या न बोलावता, परस्पर सॉफ्टवेअर पाठवून दुरुस्त केला.

ही बातमी ऐकून साडू उसळले. "कळत तर आम्हालाही नव्हतं. आम्हाला पाठवलं का कुणी सॉफ्टवेअर?"

"रोज पाठवते," आतून मेव्हणी म्हणाली. "घेतं कोण?"

सगळ्यांवर कडी म्हणजे, जे बॉनेट उघडू नये म्हणून कायदे झाले, ते आता मुद्दाम स्फोट करून उघडतात. 2005 ची सिट्रोएन सी 6, नंतरची जॅग्वार एक्सके, अशा गाड्यांत पुढच्या बंपरमध्ये सेन्सर असतात. पायी चालणाऱ्याला धडक बसली हे कळलं की क्षणाच्या बारीकशा तुकड्यात बॉनेटची मागची बाजू, बिजागरीकडची, काही इंच वर उसळते. कारण धडक बसलेल्याचं डोकं बॉनेटवर आपटतं; पत्रा पातळ असतो, तो दबतो, पण त्याच्या खाली इंजिन अगदी चिकटून असेल तर डोकं इंजिनावर आपटतं. मध्ये थोडी पोकळी मिळाली तर जीव वाचू शकतो. व्होल्वोनं 2012 मध्ये व्ही 40 या गाडीत याच्याही पुढं जाऊन बॉनेटखालून काचेच्या पायथ्याशी फुगणारी एअरबॅगही दिली, बाहेरच्या माणसासाठी. हे मी सासूबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"रस्त्यावरच्या माणसाला उशी," त्या म्हणाल्या, "आणि मागं बसलेल्या सासूला बोगदा."

गाडी दुरुस्त होऊन आली, पण मेव्हणी तिच्यात बसायला तयार होईना, त्यामुळं नवी घ्यायची ठरली. शोरूममध्ये मीही गेलो होतो. टाय लावलेल्या मुलानं सुरुवात छतापासून केली. छत उघडत होतं. पडदा दहा इंचांचा होता. सीट गार होत होती, गाडी बोलत होती, दिवे सात रंगांत पेटत होते. साडूंनी यातलं काही ऐकलं नाही. ते नाकासमोर जाऊन उभे राहिले.

"बॉनेटची दुसरी कडी दाखवा."

"सर, सनरूफ व्हॉइस कमांडवर..."

"दुसरी कडी."

मुलानं आतला दांडा ओढला. बॉनेट टुप्पकन दोन बोटं वर आलं. त्यानं फटीत बोटं घातली, हसरा चेहरा ठेवून डावीकडं चाचपलं, उजवीकडं चाचपलं, मग गुडघ्यावर बसून आत डोकावून पाहिलं. हसू मावळलं. त्यानं सीनियरला बोलावलं. सीनियरनं बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात घातले. "या मॉडेलला थोडी मधे असते, सर," असं म्हणत त्यानं मधे पाहिलं, मग थोडी बाजूला. मग मॅनेजर आले. त्यांनी आधी दोघांना बाजूला केलं, अंगठी काढून खिशात ठेवली आणि मोबाईलचा दिवा लावला. तिघांची सहा मनगटं बॉनेटखाली, मेव्हणी घड्याळाकडं बघतेय, एसी गार. शेवटी काच पुसणारी मावशी आली, तिनं फडका खांद्यावर टाकला, एक बोट आत सरकवून डावीकडं दाबलं आणि बॉनेट वर उचलून दिलं.

साडूंनी सही करायला पेन मागितलं.

"टेस्ट ड्राइव्ह नको का घ्यायला, सर?" मॅनेजरनं अंगठी परत बोटात चढवत विचारलं.

"कशाला? तुम्हा तिघांना मिळून जी कडी सापडेना," साडू म्हणाले, "ती वाऱ्याला काय सापडणार!"